सुगियार्तोचा होकार

तिउर्मा म्हणजे फटकळपणाचा कळस. पलीकडच्या बेटावरच्या बालिगे गावात, तिच्या बाताक लोकांत ते खपून जातं. तिथं तळ्याकाठी दोघं नुसते गप्पा मारत बसले तरी लांबून भांडण वाटतं. पण पोरीनं नोकरी धरावी कुठं? जावा बेटावर, सेमारांग शहरात! आणि तीही कारखान्यांना माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीत. दिवसभर अनोळखी लोकांना फोन करायचे आणि हातातली नोकरी सोडा म्हणून गळ घालायची. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला परवडलं असतं. इथं शिव्याही मिळेनात. सगळे गोड बोलायचे, 'बघू हं ताई' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवसापासून फोनच उचलायचे नाहीत.

प्रोबेशन संपत आलं, तरी तिच्या हातून एकही माणूस कुठं लागला नव्हता. तिची बॉस रेत्नोबाई एकदा हसून म्हणाली, "या सोमवारी तुझा एक तरी माणूस रुजू होऊ दे गं. नाहीतर तुला घरची आठवण येतच असेल, नाही का?" जावात हकालपट्टी अशीच होते. आणि घरी आत्या आपल्या लेकासाठी टपून बसली होती.

तेवढ्यात सुगियार्तो सापडला. सालातिगाच्या ब्रेडच्या कारखान्यात भट्टी सांभाळणारा शांत माणूस. बिस्किटवाल्या गुनादीशेठना नव्या भट्टीसाठी अगदी असाच हवा होता. मुलाखत झाली, पगार ठरला, सहीही झाली.

"राजीनामा दिलात ना?" तिउर्मा रोज फोनवर विचारायची.

"हो ताई."

"मालक रागावले नाहीत ना?"

"हो ताई, चांगलंच म्हणाले."

"मग सोमवारी नक्की?"

"हो ना ताई. का नाही?"

तिउर्मा हवेत तरंगायला लागली. रेत्नोबाईनं मात्र कपाळाला हात लावला. "प्रत्येक वेळी हो म्हणाला? अगं बाई! एकदाच म्हणाला असता तर खरं तरी वाटलं असतं."

शनिवारी सुगियार्तोचा फोन बंद. तिउर्मानं बस पकडली आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याच्या आईनं तिला हाताला धरून आत नेलं, गोड चहा दिला, नारळाच्या दुधातली कोंबडी वाढली, सोयाबीनचं तेंपे वाढलं, बाताक मुली किती धीट असतात म्हणून कौतुकही केलं. कामाचं मात्र कुणी काढेना. शेवटी घास खाली ठेवून तिउर्मानं विचारलं, "येणार आहात की नाही? एक घाव दोन तुकडे करा!"

सुगियार्तोनं मान खाली घातली. "माझ्या मालकांनी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं, ताई. त्यांना सोडून जातो असं कोणत्या तोंडानं सांगू? राजीनामा खिशातच राहिला."

"मग मला हो का म्हणालात?"

"तुम्ही इतक्या आशेनं विचारत होतात. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय गुदगुल्या होतायत मला?"

"हो ताई," तो सवयीनं म्हणाला.

नेमका तेव्हाच तिला गुनादीशेठचा फोन आला. सोमवारी भट्टी पेटवायची, माणूस येतोय ना? तिउर्मानं फोन सुगियार्तोच्या हातात कोंबला. "घ्या. तुमचं तुम्हीच सांगा."

तो उठून उभा राहिला, फोन दोन्ही हातांनी धरला. "हो शेठ... हो... सोमवारी, हो. आशीर्वाद असू द्या." आणि त्यानं फोन परत केला.

"शाब्बास पोरी!" पलीकडून शेठ खुशीत ओरडत होते. "रेत्नोबाईंना आत्ता सांगतो, या मुलीला सोडू नका म्हणून!"

हे ऐकायला तिचे कान तीन महिने आसुसले होते. गप्प बसली असती तर आणखी दोन दिवस सुखाचे गेले असते. पण सोमवारी भट्टी पेटणार, शेजारी मळलेल्या पिठाचे ढीग लागणार, आणि भट्टीपुढं कोणीच नसणार. तिला राहवेना.

"शेठ, हा येणार नाही. भिडेपोटी हो म्हणतोय. दुसरा माणूस बघा."

शेठ जे काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. थोड्याच वेळात रेत्नोबाईचा मेसेज आला: 'दमलीस बाळा. सोमवारी येऊ नकोस.' तिउर्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. राग त्याचा, स्वतःचा, अख्ख्या बेटाचा. म्हातारीनं तिच्या पानात आणखी एक तुकडा वाढला.

सुगियार्तो हळूच जवळ सरकला. त्याचा चेहरा केवढा मोकळा झाला होता!

"ताई, मोठे उपकार झाले. तुम्ही किती पटकन सांगून टाकलंत. एक सांगू? रागावणार नाही ना?"

"काय?"

"सोमवारसाठी मी आणखी दोन ठिकाणी हो म्हणून बसलोय."

तिउर्मानं बाहीनं डोळे पुसले, फोन उचलला आणि ओरडली, "नंबर सांगा!"