नळीतली रेघ

बंदुका दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बायकोच्या माहेरी सगळे भिंगरी म्हणत. जेवताना मध्येच उठून खिडकीची कडी तपासून येणारा, पाहुणा बोलत असताना त्याच्याच छत्रीची काडी सरळ करत बसणारा माणूस. हातात काम आलं की मात्र तासन्‌तास जागचा हलायचा नाही.

धाकट्या मेहुण्यानं वडिलांची जुनी रायफल आणली, तेव्हा तिचा लाकडी दस्ता मानेशी चिरला होता. घराला रंग देताना माळ्यावरून खाली आली होती. सासरे गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मेहुण्याचं म्हणणं सरळ होतं: दस्ता जोडा, किंमत सांगा. जुन्या रायफलींचा एक शौकीन मागे लागला होता. पण विकण्याआधी त्याला ती एकदा स्वतः चालवायची होती. वडिलांनी आयुष्यभर त्याला नुसतं तेलाचं फडकं धरायला लावलं होतं.

दस्ता जोडणं भिंगरीच्या डाव्या हातचा मळ होता. घोडं अडलं नळीपाशी. आत दिवा धरून पाहताना, काडतूस बसतं त्या जागी त्याला एक बारीक रेघ दिसली आणि मनात पाल चुकचुकली. ही चीर असेल तर बार काढणाऱ्याचं तोंड जागेवर राहायचं नाही. ही बंदूक भिंतीवरच शोभेल, असं त्यानं सांगून टाकलं.

मेहुण्याचा चेहरा पडला. तो रायफल घेऊन बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानदाराकडे गेला. त्यानं सांगितलं, रेघ म्हणजे साफसफाईच्या गजाचा ओरखडा आहे, खुशाल चालवा. मेहुण्यानं नेमबाजीच्या मैदानावर रविवारची वेळ ठरवून टाकली.

तेव्हापासून भिंगरीला चैन पडेना. दुकानात एकाच बंदुकीचा खटका तो खोलायचा, जोडायचा, पुन्हा खोलायचा. खरी चीर असेल तर? आणि ओरखडाच असेल तर? हल्ली चष्मा लावूनही बारीक स्क्रू त्याला दोन दिसत. हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बायको एकीकडे भावाला फोन करून समजावत होती, दुसरीकडे नवऱ्यावर वैतागत होती.

"तुमची खात्री आहे की नाही, एवढंच सांगा," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्यालाच हलकं वाटलं.

"मग बसलात काय? ज्याला कळतं त्याला विचारा."

मोटारीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एक बाई त्याच्या ओळखीच्या होत्या. लोखंडातल्या चिरा शोधणं हे त्यांचं रोजचं काम. शनिवारी सकाळी तो मेहुण्याच्या दारात उभा राहिला आणि जवळजवळ ओढतच त्याला तिकडे घेऊन गेला.

बाईंनी रायफल खोलायला लावली, भागांना लाल रंग लावला, थोडा वेळ थांबून पुसून काढला आणि वरून पांढरी भुकटी फवारली. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग भुकटीवर उमटतो, त्या म्हणाल्या. भिंगरी शेडमध्ये येरझारा घालत होता. शेवटी बाईंनीच त्याला स्टुलावर बसवलं.

नळी पांढरीच राहिली. रेघ ओरखड्याचीच होती.

मेहुणा हसणार एवढ्यात बाईंनी नळी मागून बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, वर उचलला. त्याच्या टोकाला गोळी सुटताना सगळा दाब पेलणारे दोन उंचवटे असतात. त्यांतल्या एकाच्या मुळाशी केसासारखी लाल रेषा फुटली होती. तिथे ना भिंगरीनं पाहिलं होतं, ना त्या दुकानदारानं.

"माझं चुकलं होतं," भिंगरी म्हणाला. "आणि उद्या तू मेला असतास."

मेहुण्यानं बोल्ट हातात घेऊन ती रेषा जवळून पाहिली. मग त्यानं विचारलं, बोल्ट बदलता येईल का? येईल, भिंगरीनं सांगितलं, पण नळीवर आणि बोल्टवर एकच क्रमांक आहे, म्हणून तर शौकीन मागे लागलाय. बोल्ट बदलला की दुरुस्ती चोख, किंमत मात्र निम्म्याहून खाली.

"बदला," मेहुणा म्हणाला. "मला विकायची नाही. बाबांसारखी एकदा चालवायची आहे."

त्याच बनावटीचा दुसरा बोल्ट शोधण्यात पावसाळा गेला. दरम्यान बायकोनं भिंगरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर वाकायचं नाही, हे त्याला जड गेलं आणि घरच्यांना त्याहून जड.

मैदानावर पहिला बार त्यांनी रायफल लाकडी चौकटीला बांधून, लांबून दोरीनं काढला. भिंगरीनं रिकामं काडतूस नव्या डोळ्यांनी फिरवून फिरवून पाहिलं, बोल्ट पाहिला, परत काडतूस पाहिलं. मग रायफल मेहुण्याच्या हातात दिली. मेहुण्याची गोळी लक्ष्याला सोडून मागच्या मातीत घुसली.

"बाबा चिडले असते," तो म्हणाला, आणि त्यानं दुसरं काडतूस मागितलं.