ठेकेदार आणि बटणं

गल्लीच्या तोंडाशी लाँड्री होती आणि लाँड्रीच्या मागच्या खोलीत समुद्र होता.

निदान गिऱ्हाइकं तरी असंच सांगायची. कपड्यांचा गठ्ठा काउंटरवर टाकून माणसं माना लांब करून आत डोकावत. भिंतीलगत कमरेइतक्या उंच मांडणीवर काचेची लांबलचक टाकी. तिच्यात खारं पाणी, खडक, आणि खडकांवर निळ्या उजेडात डोलणारी जिवंत प्रवाळं. हा सगळा संसार दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, उभा केलेला. काकी त्या टाकीला सवत म्हणायच्या. पाणी बदलायचं असलं की गिऱ्हाइकांना खुशाल सांगायच्या, "आज आमच्या सवतीची आंघोळ आहे. शर्ट उद्या."

काकांची लाडकी होती ती बटणं. शर्टाच्या बटणाएवढी गोल, हिरवी-जांभळी तोंडं असलेलं एक प्रवाळ. मत्स्यालयवाल्यानं पहिल्यांदा दिलं तेव्हा चिमूटभर होतं. काकांनी ते इतकं वाढवलं, की अख्खा खडक पांघरूण घेतल्यासारखा दिसू लागला. गिऱ्हाइकाचं तुटलेलं बटण न सांगता लावून देणारा हा माणूस. पाण्यातल्या बटणांवर त्याचा जीव जडला यात नवल ते काय!

मग टाकीत ठेकेदाराचा प्रवेश झाला. तळहातात मावेल एवढा, भडक केशरी रंगाचा, अंगावर काळे पट्टे असलेला मासा. एकेक खडक असा वाकून तपासायचा, जणू उद्या बिल मंजूर करून घ्यायचंय. म्हणून ठेकेदार. विकतानाच मत्स्यालयवाला बोलला होता, "काका, देखणा आहे, पण याच्या जातीला प्रवाळ कुरतडायची खोड असते. एखादा सभ्य निघतो, एखादा नाही. मग बोलू नका."

"घेतला घरात म्हणजे घेतला," काका म्हणाले होते. "खोडी बघून बाहेर काढायचं ठरवलं असतं, तर हिनं मला पहिल्याच वर्षी काढला असता."

काकी तेव्हा खूप हसल्या होत्या.

ठेकेदार सभ्य राहिला, अगदी काकांच्या अंगावरून वारं जाईपर्यंत. इस्त्री हातात असतानाच काका कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात थोडी धुगधुगी उरली. त्या हातात काही दिलं तर जेमतेम धरायचे, आणि थोड्या वेळानं ते गळून पडायचं. काकींनी त्यांची कॉट टाकीसमोर लावली. नजर माशामागे फिरायची, पण त्या नजरेमागे माणूस आहे की नाही, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईना.

लेक दर रविवारी यायची. आईची वाकलेली कंबर बघून तिला भडभडून यायचं. "आई, ती आजारी माणसांना सांभाळणारी संस्था चांगली आहे गं. चोवीस तास माणसं असतात. तू एकटी काय काय करशील? दुकान, बाबा, ही टाकी…"

"आणि त्यांना काय वाटेल?"

"बाबांना काय कळतंय आता? तिथे काय नि इथे काय." मग तिलाच कसंतरी झालं आणि ती चहा टाकायला उठली.

काका टाकीकडे बघत होते. काकींनी नाही म्हटलं नाही. "बघू," एवढंच म्हणाल्या. बघू म्हणजे अर्धा होकार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्याच दिवसांत बटणं मिटू लागली. सकाळी उमलायची आणि दुपारपर्यंत मुठी आवळून बसायची. मग खडकावर टक्कल पडू लागलं. काकींनी स्टूल टाकून पाळत ठेवली आणि चोर सापडला. ठेकेदार तिरका होऊन यायचा, एक चिमटा काढायचा आणि साळसूदपणे पुढे जायचा.

"पोटभर मिळत नसेल त्याला," मत्स्यालयवाला म्हणाला. "थोडं थोडं, पण सारखं द्या, काकी."

काकींनी तेही केलं. समुद्री शेवाळाचा सुका तुकडा कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं काचेला लावून ठेवला. ठेकेदारानं तो फस्त केला आणि तोंड पुसायला गेल्यासारखा बटणांवर गेला. खडकावर भाजीची जाळी पालथी घातली, तर तिच्याखाली उजेड कमी पडून बटणं अधिकच मलूल झाली. हातजाळं घेऊन मागे लागल्या तेव्हा दोन खडक ढासळले आणि तो कपारीतून त्यांच्याकडे बघत राहिला.

शेवटी मत्स्यालयवाल्यानं सापळा दिला. पारदर्शक डबी, आत खाणं, आणि दोऱ्यानं वर ओढून धरलेलं झडपेचं दार. मासा आत गेला की दोरा सोडायचा, दार खाली. "पण घाई नको. चार दिवस दार उघडंच ठेवा, आत येण्याची सवय होऊ द्या. मग माझ्याकडे आणा, मी सांभाळतो."

सवय झाली. पण दोरा हातात घेऊन काकी जवळ उभ्या राहिल्या की बेटा डबीकडे फिरकायचा नाही. त्या दुकानात गेल्या की आत. त्याला भीती नव्हती ती फक्त काकांची, कारण ते हलतच नव्हते.

तेव्हा काकींना ते सुचलं. गठ्ठे बांधायचा पांढरा दोरा त्यांनी टाकीच्या काठावरून कॉटपर्यंत आणला आणि काकांच्या डाव्या मुठीत दिला.

"अहो, ऐकताय ना? तो आत शिरला की सोडायचं. धरायलाच काय ते कष्ट, सोडायला काही लागत नाही. तुमची बटणं आहेत, तुम्हीच वाचवा."

त्या बाहेर इस्त्री करत राहिल्या, कान मात्र आत. दाराचा आवाज आलाच नाही. पडद्याआडून पाहिलं तर ठेकेदार डबीत बसून निवांत जेवत होता आणि काकांची मूठ तशीच. दुसऱ्या दिवशीही तेच. हात आखडला असेल. किंवा लेक म्हणते तेच खरं असेल.

तिसऱ्या दिवशी पडद्याआडून ठेकेदार डबीत शिरलेला दिसताच त्या इस्त्री उभी करून, अनवाणी आत आल्या. "सोडा," हळूच म्हणाल्या. "अहो, सोडा ना!" मूठ थरथरत होती. मनगटाची शीर ताठ झाली होती, कपाळावर घाम. हात नुसता आखडला असेल, तर हा घाम कुठला? काकींनी त्यांची बोटं उकलायला हात लावला, तर बोटं अधिकच आवळली. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

ती नजर ओळखीची होती. बायको गिऱ्हाइकाच्या कोटावर जास्त तापलेली इस्त्री ठेवायला निघाली, की तिचा हात धरून काका अस्सेच बघायचे. थांब. नको.

ठेकेदाराचं जेवण झालं. शेपटी हलवत तो डबीतून बाहेर पडला आणि थेट बटणांकडे वळला. तेव्हा काकांनी मूठ उघडली. आपणहून. टप्! रिकाम्या डबीवर दार पडलं, नाटक संपल्यावर पडदा पडावा तसं.

काकी कॉटशेजारी खाली बसल्या. "घेतला घरात म्हणजे घेतला," त्या पुटपुटल्या आणि कॉटच्या काठावर डोकं टेकून रडल्या. बाहेर कुणीतरी काउंटर वाजवत होतं. वाजवू दे.

मग त्यांनी मत्स्यालयवाल्याला बोलावून बटणांचा खडक आणि बाकीची नाजूक प्रवाळं त्याच्या हवाली केली. "यांना सांभाळ. मासा इथेच राहील." मागे उरले काळे खडक, आणि एक जाड, चामड्यासारखं प्रवाळ, ज्याला ठेकेदार तोंड लावत नव्हता. टाकी उजाड दिसत होती.

रविवारी लेकीनं विचारलं, "आई, त्या संस्थेचं काय ठरवलंस?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार." काकींनी टाकीतल्या डबीचं दार वर ओढून दोरा काकांच्या मुठीत दिला. "बाबा हो म्हणाले तर सोडतील. नाही म्हणाले तर धरून ठेवतील."

"आई, असं काय करतेस गं…"

"विचार तर."

लेक कॉटशेजारी गुडघ्यांवर बसली. "बाबा, तुम्हाला तिकडे… नेऊ?"

मूठ आवळली. मनगट थरथरू लागलं, मग कोपर, मग अख्खा खांदा. काकांनी सोडलं नाही. लेक बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू लहान मुलीसारखा झाला.

"पुरे बाबा, कळलं," ती हुंदक्यातून म्हणाली. "दुखेल हात. इथेच राहायचं ना? आईजवळ?"

टप्!

ठेकेदार दचकून कपारीत पळाला.