मेलेल्या बिलाचा केक

व्हर्ना टिडवेल भित्री बाई आहे, आणि त्या भित्रेपणाचाच तिला पगार मिळायचा. आमचं ऑफिस म्हणजे विधानभवनासमोरच्या न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी राज्यभर जी आसराघरं आहेत, त्यांची आमची संघटना. अधिवेशनात बंदुका, कोर्ट आणि तुरुंग यांबद्दल जे जे विधेयक येईल ते व्हर्नाने वाचायचं, कुठल्या समितीत कुणी काय घुसडलं यावर नजर ठेवायची आणि आम्हाला वेळेत सावध करायचं. मी वकिलांशी बोलायचे, आमची मुख्य मॅक्सीन आमदारांच्या विनवण्या करायची, आणि व्हर्ना वाचायची.

वाचायचीही उलटं. शेवटच्या पानापासून पहिल्याकडे. "पहिल्या पानावर सगळे सभ्यच असतात गं," म्हणायची. त्याआधी कितीतरी वर्षं ती जिल्हा कोर्टात खिडकीवर बसलेली. मारकुट्या नवऱ्यांविरुद्धच्या मनाई हुकमांवर शिक्के मारायचं काम. तिने शिक्का मारून दिलेल्या दोन बायकांचे फोटो पुढे वर्तमानपत्रात आले, आणि असे फोटो कशासाठी छापतात हे सांगायला नको. तेव्हापासून कागदावर तिचा विश्वास नाही. विश्वास नसलेल्या माणसानेच कागद वाचावेत, असं माझं मत आहे.

यंदाच्या हिवाळ्यात तिची मुलगी जोलीन तिच्याकडे सोफ्यावर झोपायला आली. जोलीन दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, तासाभराच्या वाटेवर नदीपलीकडे तिचं घर. नवरा ट्रॉय. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही, हे तो सगळ्यांना अभिमानाने सांगायचा. जेवायला बसला की रायफल टेबलावर ठेवायचा, मिठाची बरणी आणि जोलीन यांच्या मधोमध. बोलायचा काही नाही. मीठ हवं असेल तर जोलीनने रायफलवरून हात न्यायचा. तिने अळणी खायची सवय लावून घेतली होती.

जोलीनने कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला; ट्रॉयने तिच्या घराच्या आसपास फिरकायचं नाही. आमच्या कायद्याप्रमाणे हुकूम निघाला की नवऱ्याच्या बंदुका शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत जमा होतात आणि शेवटच्या सुनावणीपर्यंत तिथेच राहतात. ट्रॉयचा वकील दर वेळी पुढची तारीख मागून घ्यायचा. त्याच सुमाराला विधानसभेत एक विधेयक आलं: शेवटची सुनावणी होत नाही तोवर कुणाचीही बंदूक अडकवून ठेवायची नाही, परत द्यायची. आपल्या मुलीचं हे प्रकरण व्हर्नाने मॅक्सीनपासून लपवलं. सांगितलं तर हे विधेयक दुसऱ्या कुणाकडे देतील, आणि दुसऱ्याने वाचलेलं तिला चालणार नव्हतं. मला सांगितलं ते कॅन्टीनच्या जिन्याखाली, तोंडावर रुमाल धरून.

"आयडा, हे बिल पास झालं ना, तर मी त्याला गाडीखाली घालीन."

"कुणाला, ट्रॉयला की आमदाराला?"

"जो आधी सापडेल त्याला."

हसलो आम्ही दोघी. पण तिचे हात बर्फासारखे गार पडले होते आणि ते चोळून द्यावे की काय, हे मला कळत नव्हतं.

आमच्याकडे, म्हणजे विधानभवनाच्या आसपास पोट भरणाऱ्या सगळ्यांमध्ये, एक रीत आहे. नको असलेलं विधेयक समितीत मुदतीपर्यंत अडकून पडलं की ते मेलं, आणि मेलं की केक. कॅन्टीनवाली ऑपल नारळाचा केक करते, आणि मयताला जमावं तसे सगळे जमतात, नावं ठेवत, हसत. व्हर्ना कधीच यायची नाही. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी अध्यक्षांची हातोडी पडेपर्यंत कुठलंच विधेयक मेलेलं नसतं, असं तिचं म्हणणं. मेलेल्याचा मजकूर उचलून दुसऱ्या जिवंत विधेयकाच्या पोटात घालता येतो. फक्त त्या दुसऱ्याच्या नावात तो विषय बसला पाहिजे.

एप्रिलमध्ये बंदुका परत देण्याचं विधेयक समितीतच मेलं. ऑपलने केक केला. व्हर्ना दारात उभी राहिली, आत येईना.

"अगं ये की! मेलंय ते," मॅक्सीन ओरडली. "वास सुटायला लागलाय आता. का खांदा देऊनच येणारेस?"

व्हर्ना आली. ऑपलने दिलेला तुकडा घेतला आणि उभ्याउभ्याच संपवला, लहान मुलं औषध संपवतात तसा. मला बरं वाटलं आणि धसकाही बसला. माणसाचा पिंड असा एका दुपारी बदलत नाही. पण तिची मुलगी महिनोन्‌महिने सोफ्यावर झोपत होती, घरच्या वाफ्यातली वाटाण्याची रोपं वाळून गेली म्हणून हळहळत होती, आणि आईला कधीतरी 'जा घरी' असं म्हणायचं होतं. संध्याकाळी तिने जोलीनला ते म्हटलं. दुसऱ्या दिवशी जोलीन आपल्या घरी गेली.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस मेच्या मध्यात असतो, आणि संध्याकाळी सहाला सगळं संपलंच पाहिजे असा नियम आहे. त्या दिवशी विधानभवनात उसाच्या चरकासारखं काम चालतं, काय आत गेलं ते कुणी बघत नाही. मी कॅन्टीनमध्ये सूप पीत होते. व्हर्ना आली, बसली नाही.

"आयडा, टर्की," ती म्हणाली.

"काय झालं टर्कीला?"

टर्कीचं विधेयक आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीचा परवाना फुकट. इतकं निरुपद्रवी की त्याच्यावर सगळे विनोद करायचे. पण त्याचं नाव होतं 'शिकार आणि शिकारीची साधने यांबाबत'. व्हर्नाने कागद माझ्या सूपशेजारी टाकला. सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, दुरुस्ती करून पाठवलेला, नुकताच वाटलेला. शेवटच्या पानावर: राज्यपालांची सही होताच अंमल. त्याच्या आधीच्या पानावर: मनाई हुकमाखाली जमा केलेली शिकारीची साधने मालकास परत दिली जातील व अंतिम सुनावणीपर्यंत त्याच्याच ताब्यात राहतील.

रायफल म्हणजे शिकारीचं साधन. इतकं सोपं.

"नाव वाचलं होतं मी," व्हर्ना म्हणाली. "फेब्रुवारीत वाचलं होतं. एरवी असलं नाव दिसलं असतं तर रोज उघडून बघितलं असतं. केक खाल्ला आणि बघायचं सोडलं."

मॅक्सीन धावत गेली आणि तळ्याकाठच्या मतदारसंघाच्या आमदाराला कॉरिडॉरमध्ये गाठलं. बरा माणूस, आमच्या बाजूने दोनदा मत दिलेला. मीही मागोमाग होते. त्याने कागद वाचला, खरंच वाचला, आणि कपाळ पुसलं.

"वाईट आहे हे. अगदी वाईट आहे, मॅक्सीन."

"मग पाडा ना!"

"अगं बाई, माझ्याकडच्या म्हाताऱ्यांना काय तोंड दाखवू? टर्कीच्या विरोधात मत दिलं म्हणून सांगू? पुढच्या निवडणुकीत मला भाजून खातील ते."

मॅक्सीनने त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. मनात म्हटलं, आणखी दोन शब्द ऐकव.

आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. व्हर्नाची खुर्ची रिकामी. इतक्या वर्षांत मतदान सोडून ती कधी उठली नव्हती. खाली हात वर होत होते, लोक हसत होते, कुणीतरी टर्कीचा आवाज काढला. विधेयक पास झालं तेव्हा व्हर्ना नदीवरच्या पुलावर असणार. ती जोलीनच्या दवाखान्यात गेली, कुणाच्या तरी दाताला भूल दिलेली असताना तिला हाताला धरून बाहेर काढलं, आणि दोघी घरीसुद्धा न जाता निघून गेल्या. कुठे, ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला माहीतच नसलेलं बरं.

मग रोज सकाळी वेगवेगळ्या अनोळखी नंबरवरून व्हर्नाचा फोन.

"सही झाली?"

"नाही."

"बरं." फोन बंद.

एकदाच जास्त बोलली. म्हणाली, जोलीन झोपेत टेबलावरून हात न्यावा तसा हात उचलते, आणि मी जागी राहून बघत बसते. ऐकताना मला रडू आलं. तिला नाही आलं.

पुढच्या आठवड्यात राज्यपालांनी सही केली. दालनात पेंढा भरलेली टर्की आणून ठेवली होती, नारिंगी टोप्या घातलेले म्हातारे रांगेत उभे होते, आणि सगळे फोटोत हसत होते. मी ते विधानभवनाच्या पडद्यावर पाहिलं आणि तडक ऑफिसात येऊन जोलीनच्या जिल्ह्याच्या शेरीफच्या कचेरीत फोन लावला. तिथे मिसेस बर्डेट म्हणून जुनी बाई आहे, व्हर्नाच्या कोर्टातल्या काळापासूनची ओळख.

"बर्डेटबाई, मी आयडा. सही झालीय. आता ट्रॉयच्या बंदुका—"

"घेऊन गेला," ती म्हणाली.

"काय? आत्ता तर सही झाली!"

"तुझ्याआधी कळलं त्याला, बाळा. खरी सही दोन तासांपूर्वीच झाली, फोटोंचा कार्यक्रम मागाहून. विधानसभेची ती फुकटची सूचना मोबाईलवर येते ना, कुठलंही बिल कुठवर आलंय त्याची? जानेवारीपासून लावून ठेवलीय, मलाच दाखवली त्याने. सकाळपासून बाहेर गाडीत बसून होता. सूचना वाजली आणि आत आला. टोपी काढली, मॅडम म्हणाला, जिथे सांगितलं तिथे सही केली. मला द्यावंच लागलं गं. कायदाच आहे."

मी तिला कुठल्या तोंडाने बोलणार?

"आणखी काही म्हणाला?"

"बायको कुठे गेली ते विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि खरंच नाही माहीत. तर हसला. म्हणाला, हरकत नाही, सासूबाई कुठे काम करतात ते ठाऊक आहे मला."

"किती वेळ झाला जाऊन?"

"तास होत आला असेल."

नदीपलीकडून इथवर तासाचीच वाट आहे. व्हर्नाचा फोन आता उद्या सकाळी येणार होता, आणि मी कुठल्या नंबरवर करायचा ते मला माहीत नव्हतं. मी पोलिसांना फोन लावला आणि तो कानाशी धरूनच उठले, दाराला आतून कडी घातली, आणि मॅक्सीनला खिडकीपासून लांब बसायला सांगितलं.