बाबांना गप्प केलं तेव्हा

मी बाबांना माझ्या मुलीशी मालवणीत बोलू नका म्हणाले, तो सोमवार होता. मुलगी दीड वर्षांची होती.

ती सातव्या महिन्यात जन्मली. दीड महिना काचेच्या पेटीत होती. अशी मुलं उशिरा बोलतात, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी आणल्यावर मी पुस्तकं मागवली. दोन भाषा ऐकून मूल गोंधळतं, असं एकात होतं. माझ्या शाळेत ‘मला’ऐवजी ‘माका’ म्हटलं की हातावर पट्टी बसायची. दोहोंतली कुठली भाषा ठेवायची, याचा मी विचारसुद्धा केला नाही.

बाबा पडवीत जाळी विणत बसायचे आणि ती त्यांच्या मांडीपाशी. टोपलीतला मासा दाखवून ते म्हणायचे, “गो बाय, हो बघ बांगडो! तुझ्या आवशीसारखे डोळे वटारता!” आवस म्हणजे आई, म्हणजे मी. मुलगी हसायची. तोंडाने काहीतरी आवाज करायची. तो आवाज मी बोलण्यात धरला नाही.

“बाबा, तिच्याशी नीट मराठीत बोला. नाहीतर बोलू नका.”

त्यांनी प्रयत्न केला. “बाळ, हा मासा आहे,” असं म्हणाले आणि स्वतःच हसले. “मामलेदाराकडे अर्ज घेऊन गेल्यासारख्या वाटता गो. माका नाय जमाचा.”

ते भांडले असते तर बरं झालं असतं. पण मी शिकलेली, म्हणून त्यांनी ऐकलं. दोन वर्षं ते तिच्या शेजारी बसून मुकाट जाळी विणत राहिले. ती त्यांच्या तोंडाकडे बघायची, मग उठून जायची. मी तिला चित्रांची पुस्तकं दाखवत होते.

नारळी पौर्णिमेच्या आधी बाबा गेले. मुलगी अजून बोलत नव्हती. बाबांचं दिवसकार्य झाल्यावर मी तिला कुडाळला स्पीच थेरपिस्टकडे नेलं. घरात कोण काय बोलतं, हे थेरपिस्टने विचारलं. बाबांना मालवणी बंद करायला लावल्याचंही मी सांगितलं, थोडं अभिमानाने.

“मालवणीने काही बिघडलं नसतं,” ती म्हणाली. “या मुलांना बोलणं भरपूर ऐकायला लागतं, तेही जीव लावून बोललेलं. आजोबांना बोलू द्या.”

ते वारले, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता मी घरी मालवणी बोलते. ती माझ्या तोंडी वाचून दाखवल्यासारखी येते. मुलगी चार वर्षांची आहे. तिला वीसेक शब्द येतात. त्यांत बाबांचा एकही नाही.