आईच्या डोळ्यांचं वय झालं म्हणाले

आई काजूच्या कारखान्यात गर निवडायची, अख्खे वेगळे आणि तुकडे वेगळे. साठीच्या आसपास तिच्या अख्ख्या गरांत तुकडे सापडायला लागले, तेव्हा मुकादम म्हणाला, "मावशी, वय झाला तुमचा. घराक बसा." ती घरी बसली.

मी तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजलं, "वयाप्रमाणे थोडं जास्त आहे" म्हणाले आणि फक्त चष्मा बदलायला सांगितलं. नव्या चष्म्यानेही अंधुकच दिसायचं. मग मीसुद्धा म्हटलं, "आये, वयाचा आसा गो ता."

वर्षभराने कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आतला पडदा तपासला. वयाबरोबर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतातच, पण आईच्या तर प्रेशरने आकसल्या होत्या आणि डाव्या डोळ्यात रक्त झिरपलं होतं.

"प्रेशरची गोळी का नाही चालू?" बाईंनी विचारलं.

आई म्हणाली, "माका कोणी सांगूकच नाय. सगळी वय वय करीत रवली."

तिथून मी तडक गावातल्या डॉक्टरांकडे गेलो.

"अहो, या वयात प्रेशर वाढतंच," ते शांतपणे म्हणाले.

"वाढतं म्हणून सोडून द्यायचं? तुमच्या आईला असंच सोडलं असतंत?" मी ओरडलो. बाहेर बसलेले पेशंट उठून बघायला लागले.

गोळ्या सुरू झाल्या आणि उजवा डोळा वाचला. डाव्या डोळ्याने तिला आजही माणसाचं तोंड ओळखता येत नाही. त्या डॉक्टरांवरचा राग अजून गेलेला नाही, आणि निम्मा राग मला माझाच येतो.