आईच्या तोंडी बाबांचं नाव

"माय गेली पोरी," एवढंच बोलून बाबांनी फोन ठेवला. पिपरी मेघे गावातल्या घरी दुपारच्या झोपेतच आई गेली. महिना होत आला; पण मला सारखे आठवतात ते गेल्या वर्षीचे दवाखान्यातले दिवस... आणि बाबा.

आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. पण त्याच रात्री ती नळ्या ओढायला लागली, मला ओळखेना, आणि हाका मात्र खणखणीत, "सुदाम! अरे सुदाम, कुठी गेला रे?" मी गारच पडले. सुदाम म्हणजे माझे बाबा! लग्नातल्या उखाण्यानंतर आईनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. गल्लीतल्या सुदाम भाजीवाल्यालाही ती 'ह्यांच्या नावाचा' म्हणायची. आम्ही किती चिडवलं, पण बाई हटली नाही. आता सगळा वॉर्ड ऐकत होता आणि बाबा लाजून लालेलाल. "आइकून राह्यली का? नाव घेऊन राह्यली माहं!" इतकं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, झोपेत यांचा ऑक्सिजन फार उतरतो, मेंदूला पुरत नाही; या वयात ऑपरेशननंतर असा भ्रम होतो. रात्रभर मास्क राहिला तर बहुतेक ताळ्यावर येतील. पण आई तो ओढून फेकायची. "मी धरतो," बाबा म्हणाले. मी आपली थट्टा केली, "बाबा, आई ताळ्यावर आली का तुमचं नाव बंद होते बरं!" बाबा हसले नाहीत. "होऊ दे. मले तुही माय पाह्यजे." आणि हा माणूस रात्ररात्र मास्क धरून बसला. मास्कच्या आतून आई त्यांनाच हाका मारायची, आणि ते "ओ" देत मास्क आणखी नीट बसवायचे. मी थक्क होऊन बघत राहायचे. एवढं प्रेम आमच्या घरात होतं, आणि मला पत्ताच नाही!

मग एका सकाळी आईनं डोळे उघडले, चादर सावरली. "आइकलं का, चहा घेतला का तुमी?" बाबा तोंड फिरवून रडले. नाव घेतल्याचं सांगितलं तर आई माझ्यावरच खेकसली, "काईही नको सांगू! झडन माही जीभ."

डॉक्टरीणबाईंना ऐकवायला मी तेव्हा तिच्या हाका मोबाईलवर टिपल्या होत्या. परवा बाबांना बरं वाटेल म्हणून लावायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

"पुसून टाक."

"बाबा, आईचा आवाज आहे..."

"शुद्धीत असती त घेतलं असतं का तिनं? तिनं देल्लं नाई, ते मी कसं ठेवू?"

मी त्यांच्यादेखत ते रेकॉर्डिंग पुसलं.