हुरड्याच्या रंगाची भिंत

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर सोलापुरी चादर पूर्ण वर्षभर होती. मे महिन्यातसुद्धा. भेटायला येणारे त्या जाड चादरीवर बसायचे, घाम पुसायचे, पंखा वाढवा म्हणायचे. चादर काढा असं कोणी म्हणालं नाही. कारण ती चादर बायकोनं थंडीत घातली होती आणि त्याच थंडीत ती गेली.

मी चौथी शिकलो. उभा जन्म एसटी चालवली, स्वारगेट डेपोत. घर कसं सजवावं यावर मी लिहावं म्हणजे जरा जास्तच झालं, पण घर सजवणारी आता नाही आणि मला ते बघून बघून पाठ झालंय. लिहितोय तर सरळच लिहितो.

आमच्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्या. त्यात ती काय सजवणार, असं मला वाटायचं. पण आमचं घर वर्षातून चार वेळा कपडे बदलायचं. उन्हाळा लागला की बुरूड आळीतून आणलेला बांबूचा पडदा खिडकीला, त्यावर पाणी मारायचं, आणि पलंगपोस पांढरे. पावसाळ्यात सगळं गडद, वांगी नाहीतर आमसुली, म्हणजे ओल आणि डाग दिसत नाहीत. दिवाळीत माळ्यावरची तांब्याची भांडी चिंच लावून खाली यायची. थंडीत चादर आणि तिनं शिवलेल्या गोधड्या. पैसे फारसे नव्हतेच, पण तिचं डोकं चालायचं.

आणि भिंत. सोफ्यासमोरची एकच भिंत ती दर वर्षी दसऱ्याच्या आधी नव्यानं रंगवायची. स्वतः, स्टुलावर उभी राहून, जुनी साडी खोचून. बाकी तीन भिंतींना तिनं कधी हात लावला नाही. म्हणायची, सगळ्याच भिंती नटल्या तर बघणार कोण?

रंग मात्र मी आणायचा. दुकानातून नाही, रूटवरून. "आज सांगलीला चाललाय ना, येताना एक रंग आणा." लोक म्हणतात येताना पेढे आणा, ही म्हणायची रंग आणा. मग मी हळकुंड आणायचो. सावंतवाडीहून लाकडी आंबा आणला. भोरहून एकदा नुसतं ढेकूळ आणलं, लाल मातीचं. कंडक्टर म्हणाला, "वहिनींनी घरातून काढलं तर नाही ना तुम्हाला?" त्या वर्षी भिंत त्या ढेकळाची झाली आणि तोच कंडक्टर चहाला आला तेव्हा दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसला.

एकदा दोघं खडकवासल्याला गेलो होतो. दुपारची वेळ, धरण भरलेलं. ती म्हणाली, "हा निळा पाहिजे." मी लगेच बाटली भरून घेतली. घरी येऊन ट्यूबलाइटखाली धरली तर नुसतं पाणी. ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, "ठेवा इकडं, चहा टाकते त्याचा."

आणि काजूची गोष्ट. रत्नागिरीकडून येताना मी बोंडू आणले, पिवळेधमक. वाटेत कुणाचं तरी पोतं त्या पिशवीवर बसलं. घरी पिशवी उघडली तर चेंदामेंदा, तपकिरी पडलेला. मी म्हणालो, फेकून देतो, पुढच्या खेपेला दुसरे आणतो. ती म्हणाली, "तिकडचा रंग तिकडच्यांचा. आपल्या घरी जो पोचला तो आपला." आणि तसाच रंग लावला, चेंदलेल्या बोंडूचा. फार चांगला दिसला हो. अजून कधी कधी डोळ्यांपुढे येतो.

ती गेली आणि आमच्याकडे वर्षाचं सुतक पाळलं गेलं. म्हणजे सण नाहीत. गुढी नाही, तोरण नाही, दिवाळीला कंदील नाही. फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला, डबे धुऊन परत केले. दसऱ्याच्या आधी सुनेनं भिंतीकडं बघितलं, मी सुनेकडं बघितलं, झालं. भिंतीवर मुलानं खिळा ठोकून तिचा फोटो लावला होता, चंदनाच्या सालीचा हार घातलेला. त्यावर आणखी काय लावणार?

वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी सून म्हणाली, "बाबा, ओल आलीय. रंगारी शनिवारी येतायत. सगळं घर ऑफव्हाइट करतेय."

"कर."

"सोफ्यासमोरची भिंत सोडून."

"तीही कर."

"मी नाही करणार. ती आईंची भिंत. मी पांढरी केली तर सगळी पेठ म्हणेल, सासू गेली आणि सुनेनं घर पुसून टाकलं. तुम्ही रंग आणा. शनिवारपर्यंत नाही आणलात तर मी पांढरा फासून मोकळी होईन आणि लोकांना सांगेन की बाबांना जमलं नाही."

सून आयटीत आहे. बोलते कमी, पण बोलली की माणूस दिवसभर तेच चघळत बसतो. मला मनातून कळत होतं की ती बरोबर बोलतेय. ह्या शनिवारी ती भिंत पांढरी झाली की बायकोचं ते सगळं संपलं. मग कोणी म्हणणार नाही, येताना रंग आणा.

पण रंग आणायचा कसा? मी आयुष्यभर नुसता हमाल. निवडायची ती.

आधी रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पंख्यासारखं उघडणारं एक कार्ड पुढं केलं, शेकडो रंग, खाली इंग्रजी नावं.

"काका, कुठला?"

"वाटीतल्या आमरसासारखा आहे?"

"कुठल्या आंब्याचा?"

"पायरीच्या."

"नंबर सांगा."

"आंब्याला नंबर असतो?"

त्यानं कार्ड मिटलं. "घरी विचारून या," म्हणाला. आता ह्याला काय सांगणार? आलो परत.

मग गुरुवारी सकाळी उठलो, आंघोळ केली आणि स्वारगेटला जाऊन सोलापूरच्या गाडीत बसलो. सुनेला म्हणालो, रंग आणायला चाललोय. ती म्हणाली, "औषधं घेतलीत? मग जा." ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मिळाली. इंदापूरपर्यंत ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत होता.

"आजोबा, पाय का आपटताय?"

"ब्रेक दाबतोय."

"ब्रेक माझ्याकडंय."

"माहितीय. म्हणूनच दाबतोय."

तो हसला. कुठला डेपो, विचारलं. मग जरा बेतानं चालवायला लागला.

इंदापूर सोडलं आणि मला ते दिसलं. ज्वारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, कणसं भरलेली, पण अजून पिकलेली नाहीत. ह्या रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन, पण स्टिअरिंग हातात असताना माणूस रस्ता बघतो, शेत बघत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा शेत बघितलं. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, वरून दुधाची साय धरल्यासारखा. ड्रायव्हरला म्हणालो, पुढं हुरड्याची पाटी दिसेल तिथं सोड.

पत्र्याच्या शेडखाली एक बाई आगटीवर कणसं भाजत होती. गोवऱ्यांचा धूर, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं मांडलेलं. मला पाहून तिनं चटई झटकली.

"बसा मामा. गरम हाय, खावा."

"खातो. पण एक कणीस कच्चं पाहिजे."

"कच्चं कशाला?"

"भिंतीला."

तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. "तुमच्याकडं भिंत हुरडा खाती व्हय?"

मी तिला सगळं सांगितलं, भिंतीचं, बायकोचं. ती ऐकत ऐकत भाजलेलं कणीस तळहातावर चोळत होती. दाणे माझ्या हातावर ठेवले, चटणी ठेवली. मग शेतात गेली आणि स्वतः निवडून दोन कणसं घेऊन आली. "गुळभेंडी ज्वारी हाय. ह्याच्यावानी रंग गावायचा न्हाई." पैसे दाखवले तर म्हणाली, "खाल्ल्याचे द्या. भिंतीचे नगं."

मागच्या पौषात बायको दवाखान्यात होती. हुरडा पाहिजे म्हणाली होती, तिखट चटणीशी. डॉक्टर नको म्हणाले. मी त्या शेडखाली बसून दोघांचा खाल्ला. पोट दुखलं नाही.

परतीची गाडी लवकर मिळाली. ह्याही गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला नाही, पण पुढची सीट मिळाली. कणसं ओल्या पंच्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवी ठेवली बॉनेटवर. का? कारण मी जेवणाचा डबा जन्मभर बॉनेटवरच ठेवला. खाली इंजिन तापलेलं असतं, डबा गरम राहतो. हात आपोआप गेला. बायकोची भाकरी तिथं ठेवायचो, हुरडा ठेवला. स्वारगेटला उतरून पिशवी उचलली तेव्हा वाफ आली. तेव्हा कळलं.

घरी सुनेनं पंचा उघडला. साय गेलेली. हिरवा मावळून पिवळट पडलेला, मध्येच कुठं तपकिरी.

"बाबा, ह्याला काय झालं? कावीळ?"

"एसटीनं भाजला."

"म्हणजे?"

"बॉनेटवर ठेवला."

ती इतकी हसली की नवरा आतून बाहेर आला. त्यालाही सांगितलं, तोही हसला. वर्षभरात त्या खोलीत असं कोणी हसलं नव्हतं. मीही हसलो, पण मला आतून राग आला होता, स्वतःचाच. म्हणालो, उद्या पुन्हा जातो, शेतातला रंग वेगळा होता, तो बघायला पाहिजे होता तुम्ही.

सून कणीस हातात फिरवत होती. "तो बोंडूचा किस्सा आई सांगायच्या," ती म्हणाली. "पिशवीवर पोतं पडलं तो."

मला वाटायचं तो फक्त मलाच ठाऊक आहे.

"मग?" ती म्हणाली. "घरी पोचला तो हाच ना?"

दुसऱ्या दिवशी कणीस घेऊन त्याच दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, हे खायचं की लावायचं?" मी म्हणालो, "खाऊन झालं. आता लाव." त्यानं पंखा उघडला, मी कणीस एकेका पट्टीवर धरत गेलो. काउंटरवर दाणे सांडले, मागं गिऱ्हाईकं थांबली. एका बाईनं तर मत दिलं, "तो नको, त्यात निळा आहे." बरोबर होतं तिचं. शेवटी एक सापडला. मी पट्टी दारात नेऊन उन्हात बघितली. दुकानदार म्हणाला, "आता पटलं?" म्हणालो, "नाही. छोटा डबा दे."

कारण बायकोची एक पद्धत होती. आधी भिंतीच्या कडेला, दाराच्या चौकटीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या मागं हातभर पट्टा मारायचा आणि आठ दिवस तो बघायचा. सकाळी, दुपारी, ट्यूबलाइटखाली. पाहुणे आले की कॅलेंडर खाली सोडायचं, गेले की वर उचलायचं. आठ दिवस तो रंग डोळ्यांना टोचला नाही तरच भिंतीला. मी पट्टा मारला. कड वाकडी आली.

"बाबा, उद्या शनिवार आहे," सून म्हणाली.

"हो."

"आठ दिवस लागतील?"

"लागतात."

तिनं रंगाऱ्याला फोन लावला. "उद्या नको. पुढच्या शनिवारी या. ... नाही, पैसे आहेत. भिंत तयार नाही." फोन ठेवला आणि कॅलेंडर उचलून पट्ट्याकडे बघितलं. "सकाळचा बघून सांगते," म्हणाली.

आठ दिवस आम्ही दोघं कॅलेंडर उचलत होतो. मी चहा पिताना, ती ऑफिसला निघताना. ट्यूबलाइटखाली तो जरा आजारी दिसायचा, हे कबूल. पण सकाळी पूर्वेची तिरीप आली की त्यात कुठून तरी शेतातली साय परत यायची. चौथ्या दिवशी सून म्हणाली, "मला हा आवडायला लागलाय. पण तुम्हाला सांगणार नव्हते." पाचव्या दिवशी तिनं पडद्याच्या कापडाचा तुकडा आणून पट्ट्याशेजारी धरला. आमसुली.

शनिवारी रंगारी आले. बायकोचा फोटो उतरवला, खिळा काढला, भोक लांबीनं बुजवलं. सोफा झाकायचा म्हणून मी चादर काढली. मीच काढली, कोणाला सांगितलं नाही. धुवायला टाकली. थंडी तशी सरतच आली होती.

भिंत वाळली. संध्याकाळी मुलगा हातोडी आणि फोटो घेऊन आला. "बाबा, पूर्वी होता तिथंच ना?"

"खिळा नको."

"मग फोटो?"

"नव्या भिंतीला खिळा मारलेला तुझ्या आईला चालायचा नाही. वर्षभर कसा चालवून घेतला तिलाच माहीत."

सुनेनं फोटो त्याच्या हातातून घेतला, सोफ्याच्या मागच्या फळीवर ठेवला, तांब्याच्या लोट्याला टेकून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. हार सरळ केला.

मी फोटोशेजारी सोफ्यावर बसलो. दोघं मिळून भिंत बघितली. वरच्या कोपऱ्यात रंगाऱ्यानं एक हात कमी मारलाय, ते मला दिसलं. तिलाही दिसलं असणार. उद्या स्टूल काढतो.